अर्जामागचं काम कसं ओळखावं: देणगी देणाऱ्या ट्रस्टसाठी निवडीची पद्धत

सोलापुरातल्या एका छोट्या कौटुंबिक ट्रस्टच्या छाननी समितीवर मी अकरा वर्षं काम करते आहे. वर्षाला साठ-सत्तर अर्ज येतात आणि त्यांतल्या आठ-दहा संस्थांनाच आम्ही पैसे देऊ शकतो. म्हणजे आमचा बहुतेक वेळ 'नाही' म्हणण्यात जातो, आणि ते न्यायाने म्हणता यावं म्हणून पद्धत लागते.

पहिल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. रेघांच्या दोन कागदांवर हाताने लिहिलेला एक अर्ज आला होता. मराठीला जागोजागी तेलुगू वळण होतं आणि बजेटची बेरीज चुकली होती. मी तो बाजूला ठेवला. त्याच गठ्ठ्यात चोवीस पानांचं, रंगीत फोटोंचं, स्पायरल केलेलं एक प्रपोजल होतं. त्याला आम्ही पैसे दिले. सहा महिन्यांनी पाहायला गेलो तर केंद्र आठवड्यातून दोनच दिवस उघडत होतं. हाताने अर्ज लिहिणाऱ्या बाईंनी मात्र पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला. चौकशी केली तेव्हा कळलं, मधलं वर्षभर त्यांनी विडी कामगारांच्या मुलांची अभ्यासिका एक दिवसही बंद ठेवली नव्हती. खोलीचं भाडं त्या स्वतःच्या शिवणकामातून भरत होत्या.

अर्ज लिहिणं वेगळं आणि काम करणं वेगळं. आपल्या सोलापुरात हे अंतर जास्तच आहे, कारण एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं असतात आणि वस्तीत काम करणाऱ्याला प्रपोजलची भाषा येतेच असं नाही. त्यामुळे खाली जी पद्धत सांगते आहे, तिची प्रत्येक पायरी एकाच कसोटीवर घासलेली आहे: हिच्यामुळे कागदामागचं काम दिसतं का?

आधी आपला ठराव, मग त्यांचा अर्ज

अर्ज मागवण्याआधी विश्वस्त मंडळाने स्वतःसाठी एक ठराव करावा. पहिली गोष्ट म्हणजे ट्रस्ट डीड, म्हणजे ट्रस्टच्या स्थापनेचा दस्त, काढून त्यातले उद्देश पुन्हा वाचायचे. उद्देशात फक्त शिक्षण असेल तर विहिरीतला गाळ काढायला पैसे देता येत नाहीत, ते काम कितीही चांगलं असलं तरी. दुसरी गोष्ट भूगोल. जिल्ह्यात अकरा तालुके आहेत, करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत. सगळीकडे देऊ असं म्हणणारा छोटा ट्रस्ट कुठेच नीट जाऊन पाहू शकत नाही. आम्ही शहर, उत्तर आणि दक्षिण सोलापूर तालुके, मोहोळ आणि अक्कलकोट एवढंच ठेवलं आहे.

तिसरी गोष्ट रक्कम. समजा यंदा २० लाख रुपये द्यायचे आहेत. त्यातले ७ लाख आधीपासून चालू असलेल्या संस्थांच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी बाजूला काढा. १ लाख भेटींचा प्रवास आणि छाननीसाठी ठेवा. १ लाख अचानक येणाऱ्या गरजेसाठी. उरले ११ लाख. नव्या अर्जदारांसाठी खरी रक्कम ही, आणि जाहीर करताना हीच सांगायची. २० लाखांचा आकडा पाहून संस्था ५-५ लाखांचे अर्ज करतात आणि सगळ्यांचाच वेळ वाया जातो.

आयकराची बाजूही इथेच बघून घ्या. करसवलतीसाठी ट्रस्टला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के उद्देशांवर खर्च करावे लागतात, आणि २०२३ च्या वित्त कायद्यापासून दुसऱ्या नोंदणीकृत ट्रस्टला दिलेल्या देणगीतले ८५ टक्केच आपला खर्च म्हणून धरले जातात. १०० रुपये दिले तर हिशेबात ८५. कॉर्पससाठी, म्हणजे कायमच्या निधीसाठी, दिलेली देणगी तर त्यात धरतच नाहीत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत, बोलण्यात मात्र अजून '१२ए' (ट्रस्टला करसवलत देणारी नोंदणी) आणि '८०जी' (देणगीदाराला करसवलत देणारी) हेच चालतं. आपल्या सीएकडून एका कागदावर हे सगळं लिहून घ्या. ८५ टक्के भरून काढायचे म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईने दिलेल्या देणग्या हे मी पाहिलेले सर्वांत वाईट निर्णय आहेत.

वेळापत्रक त्यासाठीच लागतं. आम्ही ऑक्टोबरमध्ये अर्ज मागवतो, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये छाननी आणि भेटी करतो, फेब्रुवारीत निर्णय घेतो आणि एप्रिलमध्ये पहिला हप्ता देतो. म्हणजे जूनला शाळा सुरू होण्याआधी संस्थेच्या हातात पैसे असतात. संक्रांतीच्या आठवड्यात काही ठेवायचं नाही. सिद्धेश्वराची यात्रा असते, नंदीध्वज निघतात, शहर दुसऱ्या कामात नसतं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला मात्र हिवाळ्यातच भेटायला जायला हवं. साखर कारखान्याच्या आवाराजवळ त्यांची कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, उभी असते तेव्हाच ते काम दिसतं. जुलैत गेलात तर मोकळं रान बघून याल.

दोन पानांचा अर्ज

अर्जाचा नमुना दोन पानांपेक्षा मोठा करू नका. आमच्या नमुन्यात आठ प्रश्न आहेत आणि त्यांतले तीन सगळ्यांत उपयोगी पडतात. पहिला: गेल्या महिन्यात तुम्ही नेमकं काय केलंत, तारखांसह सांगा. दुसरा: तुमच्या कामात गेल्या दोन वर्षांत काय जमलं नाही? तिसरा: आमचे पैसे मिळाले नाहीत तर यातलं काय चालू राहील?

'जमलं नाही' या प्रश्नाला जो मोकळेपणाने उत्तर देतो, त्याच्याकडे लक्ष द्या. 'आम्हाला कोणतीही अडचण आली नाही' असं लिहिणाऱ्या संस्थेने एकतर काम केलेलं नसतं किंवा आमच्यावर तिचा विश्वास नसतो.

अर्ज मराठीत, हिंदीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, कसाही आला तरी घ्या. ज्यांना लिहिणं जड जातं त्यांना फोनवर बोलून रेकॉर्ड करून पाठवू द्या. आम्ही ऑक्टोबरातले दोन शनिवार कार्यालयात बसतो. कुणीही यावं, आम्ही प्रश्न विचारतो आणि अर्ज भरून देतो. यात पक्षपात होतो अशी शंका सुरुवातीला आमच्या एका विश्वस्तांनी काढली होती. उत्तर सोपं आहे: अर्ज भरून देणारी व्यक्ती त्या अर्जाला गुण देत नाही.

पहिली चाळण: कागद

ही चाळण फक्त 'आहे की नाही' एवढ्याचीच. इथे गुण नाहीत. धर्मादाय आयुक्त कार्यालयाचं नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्ट १ चा उतारा, पॅन, १२ए आणि ८०जी ची प्रमाणपत्रं, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, बँक पासबुकाची वर्षभराची पानं, आणि हा अर्ज करायचं ठरलं तो संस्थेचा ठराव. प्रमाणपत्रावरची मुदत बघायची. १२ए आणि ८०जी आता कायमची नसतात. तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची असते आणि मग नूतनीकरण करावं लागतं, ते अनेक छोट्या संस्थांकडून राहून जातं. आपला पैसा कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकामासाठीच्या निधीतून, येत असेल तर संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. परदेशी देणगीतून आलेला पैसा तर २०२० च्या दुरुस्तीपासून दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची नोंदणी, दोघांकडे असली तरी.

परिशिष्ट १ वर थोडं थांबा. संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असेल तर तिचे विश्वस्त कोण, ते या उताऱ्यात असतं. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे सगळे म्हणतात तो चेंज रिपोर्ट, दाखल करायचा असतो. प्रत्यक्षात उताऱ्यावर कधीच वारलेल्या माणसांची नावं सापडतात, आणि चेकवर सह्या करणारे तिसरेच असतात. यावरून अर्ज लगेच फेटाळू नका. चेंज रिपोर्ट दाखल केल्याची पोच दाखवली तर पुढे जायचं. दाखलच केला नसेल तर तीन आठवडे मुदत द्यायची. मुदतीत केला, तर ती संस्था जबाबदारी घेते एवढं आपल्याला कळलं. दोन गटांत वाद असेल आणि दोघेही आपणच खरे विश्वस्त म्हणत असतील, तर मात्र वाद मिटेपर्यंत पैसे द्यायचे नाहीत.

हिशेब वाचताना

ऑडिट रिपोर्ट म्हटलं की समितीतले निम्मे लोक पान उलटतात. असं करू नका. चार ठिकाणी बोट ठेवलं तरी पुष्कळ कळतं.

३१ मार्चला हातात रोख किती होती? वर्षाची उलाढाल ६ लाख आणि हातात रोख दीड लाख असेल, तर का ते विचारायचं. अॅडव्हान्स म्हणून कुणाला किती दिले आहेत आणि ती रक्कम तीन वर्षं तशीच पुढे ओढली जाते आहे का? विश्वस्तांकडून संस्थेने उसने घेतले आहेत का? हे बहुतेक वेळा चांगलं लक्षण असतं. अनुदान उशिरा आलं तेव्हा कुणीतरी खिशातून पगार केले. आणि चौथं, मानधनाचा आकडा. संस्था म्हणते पाच शिक्षिका आहेत आणि वर्षाचं मानधन ९० हजार. म्हणजे बाईला महिन्याला १,५००. एवढ्यावर कुणी रोज येत नाही. एकतर शिक्षिका दोनच आहेत, नाहीतर त्या स्वतः झिजून संस्था चालवत आहेत. दोन्ही समजून घ्यायला हवं.

बजेटचं उदाहरण घेऊ. ६० मुलांची अभ्यासिका, दहा महिने. दोन शिक्षिकांचं मानधन ८,००० प्रमाणे १,६०,०००. खोलीचं भाडं ३,००० प्रमाणे ३०,०००. पुस्तकं आणि वह्या मुलामागे ३०० प्रमाणे १८,०००. देखरेख करणाऱ्या कार्यकर्तीचं अर्धवेळ मानधन ४,००० प्रमाणे ४०,०००. पालकसभा आणि चाचण्या ६,०००. हिशेब आणि ऑडिट १२,०००. एकूण २,६६,०००. मुलामागे वर्षाला साधारण ४,४३३ रुपये.

या बजेटमध्ये 'प्रशासकीय खर्च' म्हणून काहीजण देखरेखीचे ४० हजार आणि ऑडिटचे १२ हजार कापायला निघतात. माझा याला पूर्ण विरोध आहे. ती कार्यकर्ती दर आठवड्याला जाते म्हणून अभ्यासिका उघडी राहते. ते पैसे कापले की अभ्यासिका कागदावर राहते. कापायचंच असेल तर उद्घाटन समारंभ, फ्लेक्स, स्मरणिका, पाहुण्यांचे सत्कार शोधा. एका अर्जात पुस्तकांना १५ हजार आणि उद्घाटनाला ४५ हजार होते. तिथे पुढे वाचायची गरज राहिली नाही.

मुलामागे खर्च सर्वांत कमी तोच अर्ज चांगला, असंही धरू नका. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या वर्गाला मुलामागे पाचपट खर्च येतो आणि तो यायलाच हवा. तुलना सारख्या कामाशीच करायची.

गुण

प्रत्येक अर्ज दोघांनी वाचायचा, वेगवेगळ्या घरी बसून, एकमेकांशी न बोलता. आमची शंभर गुणांची वाटणी अशी: गरज नेमकी सांगितली आहे का, २०, कामाची आखणी, २०, माणसं आणि आजवरचं काम, २५, ज्यांच्यासाठी काम आहे त्यांचा सहभाग, १५, बजेट, १०, आमचा पैसा थांबल्यावर पुढे काय, १०.

नुसते मथळे देऊन भागत नाही. किती गुण कशाला, हे एकेका वाक्यात लिहून ठेवावं लागतं, नाहीतर एकाचे १४ म्हणजे दुसऱ्याचे ९ असतात. 'गरज' या रकान्यात आमच्या कागदावर असं आहे: 'वंचित वस्तीतील मुले' एवढंच लिहिलं असेल तर ५ च्या आत. वस्ती, मुलांची संख्या आणि अडचण सांगितली असेल तर १२ पर्यंत. ही अडचण कुणाला विचारून कळली हेही सांगितलं असेल तर त्यापुढे. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची १० हजार घरांची वसाहत उभी आहे. तिथे 'विडी कामगारांची मुले' म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं. कोणत्या ओळीतली, कोणत्या शाळेची, कितवीतली, आणि संध्याकाळी ती कुठे असतात, हे सांगणारा अर्ज वेगळा पडतो.

आरोग्य शिबिरांच्या अर्जांना आमच्याकडे एक ठरलेला प्रश्न असतो. यंत्रमाग कामगारांसाठी शिबिर घेण्याचे अर्ज दरवर्षी येतात आणि गरज खरी आहे. मागाच्या खडखडाटात बारा-बारा तास काढलेल्या माणसाला ऐकू कमी येतं, टॉवेलच्या कारखान्यातल्या तंतूंनी छाती भरते. पण बीपी जास्त निघालेल्या माणसाला शिबिराच्या दुसऱ्या दिवशी कोण भेटणार? गोळ्या कुठून मिळणार? महिन्याने त्याला कोण विचारणार? याचं उत्तर नसेल तर तीनशे लोकांची तपासणी म्हणजे तीनशे कागद. उत्तर असेल तर तीस लोकांचं शिबिरही आम्हाला चालतं.

दोघांच्या गुणांत २० पेक्षा जास्त फरक आला तर सरासरी काढू नका. तिसऱ्याला वाचायला द्या आणि मग तिघांनी बसून बोला. एका अर्जाला एकाने ८१ आणि दुसऱ्याने ५२ दिले होते. बोलल्यावर कळलं, ८१ देणाऱ्याला त्या संस्थेचं जुनं काम माहीत होतं आणि ५२ देणाऱ्याला हेही माहीत होतं की ते काम करणारी कार्यकर्ती दोन वर्षांपूर्वीच संस्था सोडून गेली. सरासरी काढली असती तर ही महत्त्वाची गोष्ट त्या आकड्यात बुडाली असती.

आणि नात्यागोत्याचं. सोलापूर मोठं शहर असलं तरी समाजकामात सगळे सगळ्यांना ओळखतात. अर्जदार संस्थेत आपला नातेवाईक, व्यवसायातला भागीदार किंवा जवळचा मित्र असेल तर तसं लिहून द्यायचं, गुण द्यायचे नाहीत, आणि चर्चेच्या वेळी खोलीबाहेर जायचं. नुसतं गप्प बसणं पुरत नाही, कारण समोर बसलेल्या माणसाच्या नातेवाइकाबद्दल कुणी मोकळं बोलत नाही. इतिवृत्तात 'अमुक सदस्य या विषयाच्या वेळी उपस्थित नव्हते' असं आलं पाहिजे.

भेट

गुणांवरून साधारण वीस संस्था निवडायच्या आणि सगळ्यांना भेटायचं. न भेटता एकालाही पैसे द्यायचे नाहीत. इथे काटकसर केली की बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

भेटीची वेळ संस्थेच्या सोयीची नको, कामाची हवी. अभ्यासिका संध्याकाळी सहाला असेल तर संध्याकाळी सहाला. विडी वळणाऱ्या बायकांशी बोलायचं असेल तर त्यांची कारखान्यात विड्या द्यायला जायची वेळ टाळायची. त्या वेळी त्यांना थांबवून ठेवणं म्हणजे त्यांच्या मजुरीवर बसणं. हार, नारळ, चहापोहे नकोत, हे आदल्या दिवशीच फोनवर सांगायचं. दोघांनी जायचं आणि त्यातल्या एकाला तेलुगू किंवा कन्नड, जी तिथे लागेल ती, यायला हवी.

हाताने अर्ज लिहिणाऱ्या त्या बाईंकडे आम्ही दुसऱ्या वर्षी गेलो, ती भेट सांगते. पत्र्याची एक खोली. भिंतीला टेकून चपलांची रांग, आत जमिनीवर सतरंजी. दारातच एका आईने मांडीवर सूप घेतलं होतं. त्यात कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. तिचे हात एकदाही थांबले नाहीत. मी हजेरीची वही मागितली. हजेरीच्या वहीत काय पाहायचं तर शाई. एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेली वही लगेच कळते, अक्षर महिनाभर एका तिरकेपणाने पळतं. या वहीत निळं, काळं, मध्येच पेन्सिल, एका पानावर चहाचा डाग, आणि मार्चमध्ये चार मुलांच्या नावांपुढे 'गाव गेले' असं लिहिलेलं. 'गावाला' नाही, 'गाव'. कुणाला दाखवण्यासाठी ती वही लिहिलेली नव्हती.

मग माझी सहकारी बाईंना घेऊन गल्ली पाहायला बाहेर गेली. ही युक्ती आम्ही ठरवून करतो. संस्थेचा माणूस समोर असताना लोक त्याला बरं वाटेल असंच बोलतात. मी दारातल्या आईशेजारी बसले आणि विचारलं, "अक्का, पोरगी इथं येऊन काय शिकली?" ती थोडा वेळ काही बोलली नाही. दोन विड्यांना दोरा बांधून झाल्यावर म्हणाली, "कारखान्याच्या पुस्तकात किती विड्या लिहिल्या ते आता ती वाचायलीय, मॅडम. आधी ते लिहीत होते आणि आम्ही मान हलवत होतो."

अर्जात हे कुठेच नव्हतं. अर्जात 'मुलांची शैक्षणिक प्रगती' असं होतं.

भेटीत असे प्रश्न विचारा ज्यांचं उत्तर पाठ करता येत नाही. काल किती मुलं आली? जी येईनाशी झाली ती का? पाऊस असला की कुठे बसता? शिक्षिकेला विचारा, मागचं मानधन कधी मिळालं. आणि वर्गातल्या कुठल्याही मुलाला त्याचीच वही वाचायला सांगा, मॉनिटरला नको. पुढे केलेला हुशार मुलगा सगळीकडे असतो.

परतताना गाडीतच टिपण लिहायचं, पाहिलेलं एका बाजूला आणि आपल्याला वाटलेलं दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या दिवशी दोन्हींची सरमिसळ होते. त्याच आठवड्यात तीन फोन करायचे: जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना, त्या भागातल्या आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या बाईंना, आणि आधी ज्यांनी पैसे दिले त्या देणगीदाराला. देणगीदाराला 'संस्था कशी आहे' असं विचारलं तर 'चांगली आहे' एवढंच उत्तर येतं. 'तुम्ही पुन्हा द्याल का, आणि कशासाठी द्याल' असं विचारा.

निवडीची बैठक

बैठकीत प्रत्येक अर्जाला एक पानी टिपण असावं: गुण, भेटीत काय दिसलं, शंका, मागितलेली रक्कम, सुचवलेली रक्कम. दर वेळी यादीच्या वरून सुरुवात करू नका. पहिल्या पाच अर्जांवर तासभर बोलणं होतं आणि शेवटचे पाच दहा मिनिटांत उरकतात. आम्ही चिठ्ठ्या काढून क्रम ठरवतो. भेट दिलेल्या माणसाने आधी बोलायचं, अध्यक्षांनी सर्वांत शेवटी. अध्यक्ष आधी बोलले की बाकीच्यांची मतं त्याच बाजूला झुकतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

११ लाखांत बसवायचं म्हणून सगळ्यांची रक्कम तीस टक्क्यांनी कापायचा मोह होतो. त्यात कुणालाच वाईट वाटत नाही आणि कुणाचंच काम होत नाही. २ लाख ६६ हजारांच्या अभ्यासिकेला १ लाख ८६ हजार दिले तर एक शिक्षिका कमी होते आणि ६० मुलं एकीच्या गळ्यात पडतात. चार संस्थांना पूर्ण द्या, दोन प्रतीक्षा यादीत ठेवा आणि बाकीच्यांना स्पष्ट नाही म्हणा. कमी द्यायचंच ठरलं तर आधी संस्थेला फोन करा: एवढ्या पैशांत काय करू शकाल, मुलं किती घ्याल? तिचं उत्तर ठरावात लिहा.

निर्णयामागचं कारण दोन ओळींत इतिवृत्तात आलंच पाहिजे, होकाराचं आणि नकाराचंही.

नकार

बहुतेक ट्रस्ट नकार कळवतच नाहीत. संस्था एप्रिलपर्यंत वाट पाहते, शिक्षिकेला 'थांब जरा' म्हणते, आणि ती दुसरीकडे निघून जाते. बैठकीनंतर दहा दिवसांत प्रत्येकाला पत्र गेलं पाहिजे, आणि त्यात खरं कारण हवं. आमचं एक पत्र असं होतं:

'आपला अर्ज यंदा मंजूर करता आला नाही. आपल्या कार्यकर्त्यांची वस्तीशी असलेली ओळख आम्हाला भेटीत दिसली. अडचण अशी की अर्जात १२० मुली लिहिल्या आहेत आणि हजेरीप्रमाणे रोज सरासरी ३५ येतात. पुढील वर्षी ३५ मुलींसाठीच आणि त्याप्रमाणे बजेट करून अर्ज केलात तर आम्ही नक्की विचार करू. काही बोलायचे असल्यास शनिवारी कार्यालयात यावे.'

पुढच्या वर्षी त्यांचा अर्ज ४० मुलींचा आला आणि मंजूर झाला. आकडा फुगवायची सवय संस्थांना आपण देणाऱ्यांनीच लावली आहे. मोठा आकडा लिहिला की पैसे मिळतात, हा धडा त्या आमच्याकडूनच शिकल्या.

पैसे दिल्यावर

करारपत्र तीन पानांचं पुरे. रक्कम, काम, हप्ते, अहवालाच्या तारखा, आणि एका बाबीतून दुसऱ्या बाबीत १५ टक्क्यांपर्यंत रक्कम न विचारता वळवायची मुभा. ही मुभा द्याच. भाडं वाढतं, शिक्षिका बदलते, त्यासाठी परवानगीची पत्रं लिहायला लावू नका. पैसे बँकेतूनच, संस्थेच्या नावाने. आमच्या देणगीचं खातं वेगळं लिहायला सांगायचं. वर्षाअखेर सीएच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला.

आम्ही पूर्वी ६०, ३० आणि १० टक्के असे हप्ते द्यायचो. शेवटचे १० टक्के अंतिम अहवालानंतर. एका वर्षी असं झालं की ते २६,६०० रुपये अडकले आणि दोन शिक्षिकांचं शेवटच्या महिन्याचं मानधन तीन महिने थकलं. अहवाल उशिरा देणारा सचिव होता आणि पोट त्यांचं अडलं. तेव्हापासून ६० आणि ४० असे दोनच हप्ते करतो, १,५९,६०० आणि १,०६,४००, आणि दुसरा हप्ता सहामाही भेटीनंतर आठवड्यात देतो. अहवाल बुडवणाऱ्याला पुढच्या वर्षी पैसे नाहीत, एवढी शिक्षा पुरते.

तिमाही अहवाल दोन पानांचा. त्यात फोटो दोनच, आणि मुलांचे चेहरे दिसणारे फोटो पालकांना विचारल्याशिवाय नकोत. आमच्या नावाचा बोर्ड लावायला आम्ही सांगत नाही.

फेब्रुवारीच्या बैठकीआधी आम्ही आमचेच जुने निर्णय काढून बसतो. दोन वर्षांपूर्वी कुणाला किती गुण दिले होते आणि प्रत्यक्षात काम कसं झालं, हे शेजारी-शेजारी लिहितो. अशा तीन वर्षांच्या तुलनेनंतर 'आखणी' या रकान्याचे गुण आम्ही ३० वरून २० वर आणले, कारण सुबक आखणीचा आणि चांगल्या कामाचा आमच्या कागदांवर फारसा मेळ लागेना. ते १० गुण 'माणसं आणि आजवरचं काम' या रकान्यात गेले, जो तोवर १५ गुणांचा होता.

नाकारलेल्यांच्या फायली वेगळ्या कप्प्यात राहतात. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो कप्पा उघडायचा आणि ज्यांना 'पुढच्या वर्षी या' असं लिहिलं होतं त्यांना फोन करून अर्जाची तारीख सांगायची. त्या बाईंनी दुसऱ्यांदा अर्ज केला तो स्वतःहून केला. आमच्याकडून त्यांना पत्रही गेलं नव्हतं आणि फोनही. आता पहिला फोन आम्ही करतो.